परक्या अंगणांतील हाराकेके

या सदरांत आजवर तुळस, पारिजातक, कर्दळ, शेवंती अशा घरच्याच मंडळींची विचारपूस होत आली आहे. मागच्या महिन्यांत साताऱ्याच्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांची कन्या न्यूझीलंडमध्यें असते. तिनें पाठविलेल्या छायाचित्रांत दारापुढें तलवारीसारख्या लांब पानांचें एक बेट दिसतें; पानें मध्यें गुलाबी, कडेला गर्द तांबूस, कोठें कोठें पिंवळ्या रेघा. खालीं 'फ्लॅक्स' असें नांव लिहिलेलें आहे. 'फ्लॅक्स म्हणजे आपला जवसच ना? मग त्याला अशीं पानें कशीं? आणि आमच्या साताऱ्यास तें लागेल काय?' असे त्यांचे प्रश्न आहेत. प्रश्न सरळ आहेत. पण त्या झाडाशीं माझा स्वतःचा कांहीं हिशेब आहे, म्हणून उत्तर थोडें लांबणार. वाचकांनीं सांभाळून घ्यावें.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असें आहे. जवस म्हणजे अळशी. तिचें रोप गुडघ्याएवढें, नाजुक, निळ्या फुलांचें; एका हंगामांत वाढून संपतें. तिचा वाख निघतो तो काडीच्या सालींतून. अमरकोशांत अतसी, उमा, क्षुमा हीं तिचींच नांवें दिलीं आहेत, आणि क्षुमेपासून झालेलें तें क्षौम वस्त्र. शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत एका वृक्षानें शकुंतलेला जें वस्त्र दिलें, तें क्षौमच. युरोपांतहि थोरामोठ्यांच्या घरचें तागाचें उंची कापड याच रोपाचें. सन १७६९ मध्यें कॅप्टन कुकचें जहाज न्यूझीलंडला लागलें, तेव्हां तेथील मावरी लोकांच्या अंगावर चिवट, चकचकीत धाग्यांचीं वस्त्रें व हातांत दोर पाहून गोऱ्या मंडळींना आपल्या घरच्या फ्लॅक्सची आठवण झाली, आणि त्यांनीं तेंच नांव या झाडाला देऊन टाकलें. परदेशांत गेलें कीं माणूस दिसेल त्याला घरचें नांव देतो. त्याला त्यांचा दोष देतां येत नाहीं.

वस्तुतः हें झाड अगदींच वेगळ्या कुळांतलें. त्याचा वाख पानांतून निघतो, म्हणून रूपानें व उपयोगानें तें आपल्या घायपाताच्या जवळ जातें. मात्र त्याला घायपातासारखे कांटे नाहींत. कुकच्या दुसऱ्या सफरींत फॉर्स्टर नांवाचे पितापुत्र सृष्टिशास्त्रज्ञ होते. त्यांनीं त्याला 'फॉर्मियम टेनॅक्स' असें शास्त्रीय नांव दिलें. पहिला शब्द ग्रीक, त्याचा अर्थ टोपली किंवा विणलेली चटई. दुसरा लॅटिन, त्याचा अर्थ चिवट. मावरी भाषेंत नांव हाराकेके. त्याचीं पानें दहा फुटांपर्यंत जातात. डोंगरावरची दुसरी जात 'फारारिकी' ही ठेंगणी व मऊ पानांची असते. हाराकेकेच्या शेंगा आकाशाकडे तोंड करून ताठ उभ्या राहतात, फारारिकीच्या पीळ घालून खालीं लोंबतात. एवढी खूण लक्षांत ठेवली कीं दोघांत घोटाळा होत नाहीं. मूळचीं पानें हिरवीं किंवा तपकिरी. बागांतून जे गुलाबी, तांबडे, पिंवळ्या पट्ट्यांचे प्रकार दिसतात ते या दोन जातींतून व त्यांच्या संकरांतून निवडून जोपासलेले आहेत. 'यलो वेव्ह', 'सनडाउनर', 'जेस्टर' अशीं त्यांचीं विक्रीचीं नांवें असतात.

आतां माझा हिशेब.

सन २०२३ च्या मार्चच्या आरंभीं आम्ही उभयतां चिरंजीवांकडे सहा महिन्यांसाठीं गेलों. ते पामरस्टन नॉर्थ या गांवीं नोकरीस आहेत. गांव उत्तर बेटाच्या दक्षिण भागांत, मानावातू नदीच्या कांठीं वसलें आहे. वाऱ्याला तेथें विसांवा म्हणून ठाऊक नाहीं. गांवाजवळच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांच्या रांगाच उभ्या आहेत. विमानतळावर आमच्या जोड्यांच्या तळांना माती आहे काय हें पाहण्यांत आलें, घरच्या मंडळींनीं नेलेला गोडा मसाला उघडून हुंगण्यांत आला, आणि तुळशीच्या मंजिऱ्या मात्र त्यांनीं ठेवून घेतल्या. त्या वेळीं मला राग आला होता. त्या बेटांवरची झाडें पाहिल्यावर तो राहिला नाहीं.

निवृत्त शिक्षकाला परक्या देशीं मोठें दुःख एकच असतें: काम नसतें. चिरंजीव व सूनबाई सकाळीं साडेसातला घर सोडीत. नातू आठ वर्षांचा, तो शाळेंत जाई. आमच्या मंडळींना स्वयंपाकघर तरी होतें. मला तेंहि नव्हतें. वर्तमानपत्र दहा मिनिटांत संपे. म्हणून मीं बाग हातांत घेतली. कोणी सांगितली नव्हती, मींच घेतली. दारापुढें, पत्रांतल्या चित्रांत आहे तसेंच, रंगीत पानांचें छातीएवढें एक बेट होतें. त्याच्या नांवाची चिठ्ठी केव्हांच हरवली होती. बुडाशीं वाळलेल्या पानांचा गुंता माजला होता, आणि तो पाहून सूनबाईंचें बागेकडे लक्ष नाहीं असें मीं मनांत ठरवूनहि टाकलें होतें.

२२ मार्चला गुढीपाडवा आला. आपल्याकडे वसंताचा आरंभ, तेथें शरदाचा. पण पाडवा तो पाडवा. गुढी उभी राहिली, साखरेची माळ घरींच झाली. तोरणाला आंब्याचीं पानें कोठून आणावीं? मीं त्या बेटाकडे गेलों. त्याचीं पानें बुडाशीं एकांत एक बसलेलीं असतात आणि वर पंख्यासारखीं दोन्ही बाजूंस पसरतात. असे अनेक पंखे मिळून एक बेट होतें. प्रत्येक पंख्याच्या मध्यभागीं एक पान नुकतें वर येत असतें. रंग त्याचाच सर्वांत उजळ. धरून नेटानें ओढलें कीं तें केळीच्या सुरळीसारखें, पांढऱ्या कोंवळ्या बुडासकट हातांत येतें. मीं पांच पंख्यांतून पांच पानें ओढलीं, त्यांचे तुकडे केले, आणि परसांतल्या झेंडूच्या फुलांबरोबर ओंवून दाराला तोरण बांधलें. फार सुरेख दिसलें. सूनबाई संध्याकाळीं आल्या, तोरणाकडे पाहिलें, बेटाकडे पाहिलें, "छान झालंय, बाबा," असें म्हणाल्या आणि आंत गेल्या. पस्तीस वर्षें मुलांच्या सबबी ऐकलेला माणूस मी. त्या 'छान'च्या मागें दुसरें कांहीं तरी आहे हें मला कळलें. काय आहे तें मात्र कळलें नाहीं.

पुढें पावसाची झड लागली. एप्रिलच्या मध्याला त्या पांच पंख्यांचे गाभे काळे पडले. हात लावला तों आंतलीं पानें सुटून आलीं. बुडाला कुजकट वास. मीं कोणास सांगितलें नाहीं. अपराध झांकण्यासाठीं मीं काय केलें असेल? रोज पाणी घातलें. कुजणाऱ्या झाडाला पाणी घालणें यासारखें अडाणीपण नाहीं, हें मला घरच्या कर्दळीनें चाळीस वर्षांपूर्वीं शिकविलें होतें. पण चोराच्या मनांत ज्ञान टिकत नाहीं.

शेजारीं एक मावरी बाई राहतात. वय सत्तरीच्या पुढें. नातवाच्या शाळेंत त्या मुलांना पानांचें विणकाम शिकवावयास जातात. मुलें त्यांना 'फाएआ' म्हणतात; आई, मावशी आणि गुरुपत्नी या तिन्हींचा आदर त्या एका शब्दांत आहे. त्यांच्या परसांत हिरव्या हाराकेकेचीं दहाबारा बेटें एका ओळींत आहेत. अशा लागवडीला 'पा हाराकेके' म्हणतात. आपल्याकडे आंब्याच्या जाती असतात तशा तिच्याहि जाती: एकीचा वाख मऊ, तो पांघरुणाला, दुसरीचीं पानें ताठ, तीं टोपल्यांना, तिसरी चटईला. गिसबर्न भागांतील रेनी ऑर्चिस्टन नांवाच्या बाईंनीं गांवोगांव हिंडून अशा कितीएक जुन्या जाती नष्ट होण्यापूर्वीं गोळा केल्या, आणि १९८७ मध्यें त्यांचा संग्रह सरकारी संशोधकांच्या हवालीं केला. त्यांतून पुढें ठिकठिकाणच्या विणकरणींना रोपें मिळालीं. आपल्याकडे भातांच्या जुन्या जातींसाठीं असें कोणी केलें कीं आपण त्याचें कौतुक करतों. तितकेंच मोल या कामाचें आहे.

पाडव्याला सूनबाईंनीं त्यांच्याकडे पुरणपोळ्यांचा डबा दिला होता. तो परत करावयास त्या एका शनिवारीं आल्या. फाटकाशीं थांबल्या, बेटाकडे वांकून पाहिलें. मी पायरीवर बसलों होतों. मला त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं. नातवाला हांक मारली, एका निरोगी पंख्याजवळ बसविलें, आणि यांतलें मूल कोणतें तें आजोबांना दाखव, असें सांगितलें.

"आजोबा, मधलं पान म्हणजे बाळ," तो म्हणाला. "त्याला रितो म्हणतात. दोन्हीकडची दोन त्याचे आई-बाबा. ते बाळाला धरून उभे असतात. त्या तिघांना कधी कापायचं नाही. बाहेरची आजी-आजोबा. ती कापायची." हें सारें त्यानें मराठींत सांगितलें, शाळेंत तें इंग्रजींत व मावरींत शिकला होता.

मी वाचकांपासून कांहीं लपवीत नाहीं: माझे कान तापले. तीं पांचहि बाळें मींच ओढलीं, तोरणासाठीं, असें मीं तेथल्या तेथें सांगून टाकलें. फाएआंनीं मान डोलावली. सूनबाई दारांत उभ्या होत्या. "मला माहीत होतं, बाबा," त्या म्हणाल्या. "पण पाडवा होता ना."

मग दुसरी गोष्ट कळली, ती अधिक लागली. नातवाचा जन्म २०१५ चा. त्या वेळीं सूनबाईंची आई आजारी, आणि इकडे आमच्या घरांत माझ्या वडील बंधूंचें शेवटचें दुखणें. दोन्ही घरांतून कोणालाच बाळंतपणाला जातां आलें नाहीं. डिंकाचे लाडू आम्हीं टपालानें पाठविले ते अडकून राहिले. त्या सव्वा महिन्यांत रोज सकाळीं येऊन बसणारें माणूस म्हणजे शेजारच्या या बाई. बारशाच्या दिवशीं त्यांनींच हें रंगीत रोप रोपवाटिकेंतून आणून दारापुढें लावलें होतें. आम्ही जेथें असावयास हवें होतें आणि नव्हतों, त्या जागेचें तें झाड. आणि मी तेथें जाऊन पहिल्या महिन्यांतच त्याचे गाभे उपटले.

संस्कृतांत 'तंतु' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: धागा आणि संतति. 'संतति' व 'संतान' हे शब्दहि ताणणें या अर्थाच्या 'तन्' धातूपासूनच निघाले. हें मीं वर्गांत किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल! मावरी भाषेंतहि 'पा हाराकेके' म्हणतांना लोकांच्या मनांत कुटुंब असतें. चुलते, मालते, नातवंडें, सारें एका बुडाचें घर. दोन भाषांचा एकमेकींशीं संबंध नाहीं, पण वाख काढणाऱ्या व सूत कातणाऱ्या लोकांना सुचायचें तेंच सुचलें.

मला एक शंका राहिली होती, ती मीं पुढें एकदां फाएआंना विचारली. आईबापांना राखायचें, मुलाला राखायचें, आणि विळा चालवायचा तो आजीआजोबांवर, हा न्याय कोठला? त्या हंसल्या. म्हणाल्या, टोपली त्यांचीच होते; कोंवळ्या पानाची होत नाहीं, वाळलें कीं तें आकसतें. शिवाय बाहेरचीं पानें वेळेवर काढलीं नाहींत तर तीं तेथेंच वाळून पडतात, बुडाशीं ओल धरतात, आंतल्यांचा वारा अडवितात. मीं सूनबाईंच्या आळसाच्या नांवावर मांडलेला तो वाळका गुंता मला आठवला. दोघेंहि नोकरी करणारीं. वेळ नव्हता, एवढेंच त्याचें कारण. असो.

आतां लागवडीसंबंधानें मीं तेथें जें हातानें केलें तें सांगतों. बेट वांचवायचें तर खणून पंखे वेगळे करणें भाग होतें. याला शरद किंवा वसंत हा योग्य काळ. मेच्या आरंभीं, म्हणजे आपल्या वैशाखांत व त्यांच्या शरदांत, आम्हीं तें काढलें. मुळें पिंवळसर नारिंगी, जाड आणि एकमेकींत अशीं गुंतलेलीं कीं फावड्यानें निभेना. चिरंजीवांनीं शेवटीं जुनी करवत आणली. केळीचे मुनवे वेगळे करतात तसा मुळ्यांसकट एकेक पंखा सोडविला. कुजलेले पांच टाकून दिले. सात निरोगी मिळाले. त्यांचीं पानें निम्म्यावर आणलीं, म्हणजे कापलेल्या मुळ्यांवर भार पडत नाहीं व वाऱ्यानें रोप हलत नाहीं. कापतांना मध्य उंच व कडा उतरत्या ठेवल्या. आधीं होती त्याच खोलीवर लावलीं. बूड अधिक खोल पुरलें तर कुजतें. दोन रोपांत हातभराहून अधिक अंतर ठेवलें, तेंहि ठेंगणा प्रकार म्हणून. मोठ्या हाराकेकेला दोन हात लागतात.

ऊन भरपूर हवें; सांवलींत रंग फिका पडतो. मूळचें झाड दलदलीच्या व ओढ्यांच्या कांठचें, त्यामुळें ओल त्याला आवडते. रंगीत प्रकार मात्र साचलेल्या पाण्यांत टिकत नाहींत. खाऱ्या वाऱ्याची त्याला फिकीर नाहीं. खत बेताचें. बुडाभोंवतीं पालापाचोळ्याचें आच्छादन घालावें, पण तें गाभ्याला चिकटूं देऊं नये. पानें बुडाशीं एकमेकांवर बसतात त्या खाचेंत पिठ्या ढेकूण लपतात; वरून दिसत नाहींत, झाड उगाच खुरटतें. म्हणून जुनें पान काढलें कीं आंत डोकावून पाहावें व पांढरें पीठ दिसल्यास बोटानें पुसून साबणाच्या पाण्यानें धुवावें. पानाच्या कडेला खांचे पडले असतील तर तें एका पतंगाच्या अळीचें काम; शोभा जाते, झाड जात नाहीं.

पान कापण्याची रीत फाएआंनीं हातांत विळी देऊन दाखविली. आधीं दोन क्षण उभें राहून त्या कांहीं मंत्र पुटपुटतात. पाऊस पडत असतां कापीत नाहींत, रात्रीं कापीत नाहींत. सर्वांत बाहेरचें पान धरायचें आणि बुडाशीं तिरका, गाभ्यापासून बाहेरच्या बाजूस उतरत जाईल असा काप द्यायचा, म्हणजे पावसाचें पाणी आंत न शिरतां बाहेर ओघळतें. उरलेले तुकडे कचऱ्यांत न टाकतां त्याच बेटाच्या बुडाशीं ठेवायचे. आमच्या वडिलांनीं निर्माल्य कधीं उकिरड्यावर टाकूं दिलें नाहीं. मला यांत शिकण्यासारखें नवें फारसें नव्हतें, फक्त लाज वाटण्यासारखें होतें.

रंगीत बेट सोडवितांना आणखी एक गोष्ट दिसली. एका बाजूचे दोन पंखे निव्वळ तपकिरी हिरवे होते. गुलाबी रेघ नांवालाहि नाहीं. हें या प्रकारांचें नित्याचें दुखणें आहे. रंगीत झाड मधूनच मूळच्या रंगावर जातें, आणि मूळच्या रंगाचा पंखा हरितद्रव्य अधिक असल्यानें जोमदार असतो; राहूं दिला तर कांहीं वर्षांत रंगीत भावंडांना दाबून टाकतो. म्हणून जाणते माळी तो दिसतांच बुडापासून काढतात. बीं पेरूनहि रंग हमखास उतरत नाहीं; रंगीत प्रकार वाढवायचा तर पंखे वेगळे करूनच. नातवाला हें पटेना. तो हिरवा झाला यांत त्याची काय चूक, असें त्याचें म्हणणें. मला त्याचें म्हणणें तर्कदृष्ट्या खोडतां आलें नाहीं. शेवटीं रंगीत सात पुढच्या दारीं लावले, आणि हिरवे दोन मागच्या कुंपणाशीं, जेथें गच्चीचें पाणी उतरतें तेथें. तेच पहिल्यानें रुजले.

एका रविवारीं चिरंजीव आम्हांस फॉक्सटनला घेऊन गेले. गांव नदीच्या मुखाजवळ, तासाभराच्याहि आंतल्या अंतरावर आहे. एके काळीं न्यूझीलंडांतील हाराकेकेच्या वाखाच्या धंद्याचें तें माहेरघर. पूर्वीं बायका शिंपल्याच्या कडेनें पान खरवडून 'मूका' नांवाचा रेशमासारखा धागा काढीत. १८६० नंतर यंत्रें आलीं, दलदली भोंवतीं गिरण्या उभ्या राहिल्या, आणि दोरखंडासाठीं वाखाचे गठ्ठे परदेशीं जाऊं लागले. पुढें 'पिंवळें पान' नांवाचा रोग पसरला, बाजार कोसळला, आणि अखेरीस रासायनिक धागे आले. आतां तेथें एक लहान संग्रहालय आहे. दूर अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावरहि याच झाडाच्या वाखावर गरिबांचें पोट चाले. १९६६ मध्यें तेथील शेवटची गिरणी बंद पडली, आणि झाड मात्र रान होऊन पसरलें.

या धंद्याच्या आरंभींची एक हकीगत मला फार आवडली. सन १७९३ मध्यें नॉरफोक बेटावरच्या इंग्रज अधिकाऱ्याला, किंग त्याचें नांव, वाख काढण्याची युक्ति हवी होती. म्हणून तुकी व हुरू या दोघां मावरी पुरुषांना जहाजावर फसवून आणण्यांत आलें. आणल्यावर कळलें कीं त्यांना त्यांतलें जवळजवळ कांहींच येत नाहीं, कारण तें काम बायकांचें! आमच्या घरीं कोणी पुरणांत गूळ किती घालावा हें मला विचारावें, तसाच हा प्रकार. किंगनें त्यांना सन्मानानें वागविलें आणि त्याच वर्षीं तो स्वतः त्यांना परत पोंचवून आला. माणसें पळविण्याचें पाप त्यानें फिटलें असें नाहीं. पण ज्याला विद्या हवी त्यानें ती कोणाच्या हातांत आहे हें आधीं पाहावें, एवढें त्या वेळच्या सरकारास कळलें असेल. मलाहि जरा उशिरांच कळलें.

फूल पाहावयास आम्ही थांबलों नाहीं. तें तेथें नोव्हेंबरपासून पुढें येतें. उंच दांडीवर तांबूस नळ्यांसारखीं फुलें; त्यांतला मध प्यावयास 'तुई' नांवाचे काळे पक्षी येतात आणि डोक्याला केशरी पराग माखून घेतात. ज्या पंख्याला फूल येतें तो पुन्हा फुलत नाहीं. हळूहळू वाळतो, आणि बाजूचे पंखे त्याची जागा घेतात. आम्हांस गेल्या उन्हाळ्यांतल्या काळ्या शेंगा तेवढ्या दिसल्या.

आतां साताऱ्याच्या भगिनींचा शेवटचा प्रश्न. मला आशा वाटत नाहीं. त्या झाडाला बाराहि महिने थंड, दमट वारा हवा. आपल्या वैशाखाच्या उन्हांत त्याचीं पानें करपतील आणि आषाढांत गाभा कुजेल. कन्येनें येतांना सामानांतून रोप आणावें असें मनांतहि आणूं नये. परवान्यावांचून रोपें आणण्यास कायद्याची मनाई आहे, आणि ती योग्य आहे. तशाच घाटाचीं रंगीत पानें अंगणांत हवीं असतील तर कॉर्डिलाइन लावावें. तेंहि दक्षिणेकडच्या बेटांतून पसरलेलें, लाल-गुलाबी पानांचें. आपल्या रोपवाटिकांत सहज मिळतें, आणि अर्ध्या सांवलींत, भुसभुशीत मातींत चांगलें वाढतें. मात्र त्याच्या पानांची टोपली होत नाहीं.

टोपलीची आठवण निघाली म्हणून सांगतों. विणायला शिकणाऱ्यानें आपली पहिली वस्तु स्वतः ठेवायची नाहीं, कोणाला तरी द्यायची, अशी तिकडे चाल आहे. नातवानें विणलेली पहिली टोपली वीतभर उंच, एका बाजूस कलती आहे. ती त्यानें आजीला दिली. आमच्या स्वयंपाकघरांत तिच्यांत लसूण असते.

लावलेल्या सात पंख्यांपैकीं सहा जगले. त्यानंतरच्या पाडव्याला सूनबाईंनीं छायाचित्र पाठविलें. त्यांच्याकडे घरोघर फीजोआ नांवाचें फळझाड असतें. त्याच्या पानांचें तोरण दाराला आहे, मध्यें झेंडू. खालीं त्यांनीं लिहिलें आहे, "बाबा, दोरी कशाची ते ओळखा." मीं चित्र मोठें करून पाहिलें. मागच्या कुंपणाच्या हिरव्या बेटाचें बाहेरचें पान बारीक फाडून, पीळ देऊन तिनें दोरी केली होती.